पत्राबरोबर तुखिकही गेला होता

चर्चच्या मंडळीच्या समितीत तंत्रज्ञानाचा विषय निघाला की चर्चा कॅमेऱ्यापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा कॅमेऱ्यापाशीच संपते. एक घ्यायचा की दोन, वेदीमागच्या भिंतीवर एलईडी पडदा लावायचा का, यूट्यूबवर जायचे की फेसबुकवर. एक बाजू म्हणते, काळाबरोबर चालायला हवे. दुसरी म्हणते, देवाच्या घराचे नाटकगृह करू नका. भांडण जोरात होते, पण दोन्ही बाजू रविवारच्या त्या दीड-दोन तासांबद्दलच बोलत असतात. आठवड्याचे उरलेले १६६ तास कोणी विषयपत्रिकेवर घेत नाही. आजाऱ्यांच्या भेटी, शोकात असलेली घरे, आठवडेच्या आठवडे न दिसलेले चेहरे, कान गेल्यामुळे मागच्या बाकावर नुसता बसून राहणारा माणूस ही सगळी सेवा त्या तासांत असते, आणि डिजिटल साधनांचा खरा उपयोगही तिथेच आहे. कोणाकडे जायचे राहून गेले आहे हे ज्या साधनामुळे कळते आणि कळल्यावर कोणीतरी उठून जाते, त्यावर मंडळीचे पैसे आणि माणसे आधी लागली पाहिजेत. कॅमेरा नंतर.

दूरवरून सेवा करणे मंडळीला नवे नाही. बायबलमधल्या नव्या कराराच्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रे आहेत. प्रेषित पौल तुरुंगात होता, मंडळ्या समुद्रापलीकडे होत्या, म्हणून त्याने त्या काळचे साधन वापरले. पण ती पत्रे गेली कशी हे वाचताना आपण घाईने पुढे सरकतो. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांच्या शेवटी पौल सांगतो की माझे वर्तमान माझा सहकारी तुखिक तुम्हांला सांगेल, त्यासाठीच त्याला पाठवले आहे. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात तो फिबीची शिफारस करतो आणि तिला लागेल ती मदत करा म्हणतो. ते पत्र तिनेच नेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे मजकूर एकटा पाठवला जात नव्हता. तो वाचून दाखवायला, प्रश्न आले तर उत्तर द्यायला आणि तिकडची हालहवाल परत आणायला माणूस बरोबर जात होता. योहानाच्या दुसऱ्या पत्रात तर लिहिणारा शेवटी चक्क हात आखडता घेतो: पुष्कळ लिहायचे आहे, पण कागद आणि शाई नको, समोरासमोर बोलू. साधन वापरायचे आणि त्याची मर्यादा त्याच पत्रात कबूल करायची, हा तोल आजच्या प्रक्षेपणात क्वचित दिसतो. आपण पत्र पाठवतो, तुखिकाला घरी ठेवतो.

रेडिओच्या वेळीही हेच प्रश्न आले होते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राचे नियमित प्रसारण १९२०च्या नोव्हेंबरात सुरू झाले, आणि दोनच महिन्यांनी, २ जानेवारी १९२१ रोजी, तिथल्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चची संध्याउपासना हवेतून घरोघरी गेली. यंत्रे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांकडे लोकांचे लक्ष जाऊ नये म्हणून त्यांना गायनवृंदाचे झगे घालून बसवले होते, असे सांगतात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना एवढे कळले होते की यंत्र उपासनेत दिसता कामा नये. आज ट्रायपॉड मधल्या वाटेत उभा असतो आणि प्रार्थनेच्या वेळी कॅमेरावाला वाकून वाकून पुढे सरकतो.

आता आकड्यांकडे वळू, कारण समितीत शेवटी आकडाच बोलतो. प्रक्षेपणाच्या खाली दिसणारा ‘व्ह्यूज’चा आकडा हजेरीच्या वहीत मांडणे ही सरळसरळ चूक आहे. त्यात थोडाच वेळ डोकावून गेलेला माणूस आहे, सोमवारी पुन्हा उघडून बघणारा आहे, आपलेच गीत कसे झाले ते तीनदा ऐकणारा गायकही आहे. उलट एकाच फोनसमोर घरातली पाच माणसे बसली तर ती एकच मोजली जातात. ज्यांना काही शिकायचे आहे त्यांनी चॅनेलच्या आकडेवारीत दोनच गोष्टी बघाव्यात: एका वेळी जास्तीत जास्त किती जण जोडलेले होते, आणि सरासरी किती मिनिटे बघितले गेले. सरासरी मिनिटांचा आकडा पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा बहुधा पडतो. पडू द्यावा. एवढे बघूनही ही माणसे कोण, हे कळत नाहीच. ते कळण्याचा मार्ग वेगळा आहे आणि त्याकडे मी येतोच.

याचा अर्थ प्रक्षेपण बंद करा असा नाही. साथीच्या काळात सुरू झालेली प्रक्षेपणे आता ‘लोक घरीच बसतात’ म्हणून बंद करण्याचा सूर अनेक ठिकाणी ऐकू येतो. ज्याला येता येते तो प्रक्षेपणामुळे आळसावतो, हे थोडेफार खरे आहे. पण ज्याला येता येत नाही, म्हणजे अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, तिची शुश्रूषा करणारी सून, रविवारी पाळी असलेली नर्स, त्यांच्यासाठी दुसरी सोय आधी उभी करायची आणि मगच बंद करण्याचे बोलायचे. ती कोणी उभी करत नाही. म्हणून प्रक्षेपण ठेवावे, पण ते कोणासाठी आहे हे ठरवून ठेवावे. एकदा ते अंथरुणावरच्या माणसासाठी आहे असे ठरले की पुढचे सगळे तांत्रिक निर्णय बदलतात.

पहिला बदल म्हणजे आवाज चित्राच्या आधी येतो. अंधुक चित्र लोक तासभर सोसतात, तुटका आवाज पाच मिनिटेसुद्धा नाही. आणि नेमका तिथेच सगळीकडे एकच घोटाळा होतो: सभागृहातल्या स्पीकरला जाणारा आवाजच तसाच प्रक्षेपणाला जोडला जातो. सभागृहात ऑर्गन किंवा ढोलकी मुळातच मोठ्याने ऐकू येते, म्हणून आवाजाच्या मिक्सरवरचा माणूस ती वाद्ये खाली ठेवतो आणि गायकाचा माइक वर चढवतो. खोलीत बसलेल्याला ते बरोबर वाटते. घरी ऐकणाऱ्याला मात्र एकच गायक उघडाबोडका ऐकू येतो, वाद्ये गायब, आणि मंडळी तर गातच नाही असे वाटते. उपाय महाग नाही. मिक्सरवरच्या एका ऑक्स आउटपुटवर, म्हणजे आवाज बाहेर नेणाऱ्या जादा वाटेवर, प्रक्षेपणासाठी स्वतंत्र मिश्रण करायचे, लोकांच्या दिशेने तोंड केलेले दोन माइक उंचावर लावून ते फक्त त्याच मिश्रणात हलके सोडायचे आणि सभागृहाच्या स्पीकरला मुळीच द्यायचे नाहीत, नाहीतर शिट्टी वाजते. सर्वात मोठ्या गीतालाही पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण डिजिटल आवाज शून्याला धडकला की फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. हे मिश्रण करणाऱ्याने हेडफोन लावून, जमल्यास दाराबाहेर बसून ऐकावे. सभागृहात उभे राहून हेडफोनमधला आवाज ठरवता येत नाही. बाहेरचा आवाज आत झिरपतोच.

दुसरी तक्रार ओठ आणि शब्द न जुळण्याची. कॅमेऱ्याचे चित्र संगणकात शिरून प्रक्रिया होईपर्यंत आवाज पुढे निघून गेलेला असतो. ओबीएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज काही मिलिसेकंद मागे ठेवण्याची सोय असते. उपासनेआधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, ते रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघायचे, आणि टाळी जुळेपर्यंत आकडा वाढवायचा. दहा मिनिटांचे काम आहे आणि एकदा केले की तीच जोडणी असेपर्यंत टिकते.

इंटरनेटबाबत डाउनलोडचा वेग बघून खूश होणारे फार. प्रक्षेपणाला अपलोड लागतो. ७२०पी चित्रासाठी ३ ते ४ एमबीपीएस सोडायचे असतील तर अपलोड त्याच्या दुप्पट तरी हवा, कारण वेग खाली-वर होतो. तपासणी शनिवारी रात्री रिकाम्या इमारतीत करण्यात अर्थ नाही. रविवारी, लोक आत येऊन बसल्यावर, त्यांचे फोन त्याच वायफायवर चढल्यावर जो आकडा येईल तो खरा. शक्य तिथे प्रक्षेपणाच्या संगणकाला तारेनेच जोडावे. १०८०पीचा हट्ट सोडावा. पाच इंचांच्या पडद्यावर बघणाऱ्याला फरक कळत नाही, प्रक्षेपण अडकले तर मात्र लगेच कळते. आणि नव्या चॅनेलवर थेट प्रक्षेपणाची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला यूट्यूबकडून २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. रविवारी सकाळी बटण दाबून बघणाऱ्यांना हे फार उशिरा कळते.

कॅमेरा एकच, स्थिर, बोलणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर असला तरी पुरतो. तो कुठे बघत नाही हे ठरवणे जास्त महत्त्वाचे. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीसाठी, गुडघे टेकलेल्यांचे चेहरे, प्रार्थनेत रडणारी बाई, संडे स्कूलची मुले यांचे जवळून चित्रण करण्याचा अधिकार कोणी कोणाला दिलेला नाही. काहींसाठी तर मंडळीत दिसणे हीच जोखीम असते: घरच्यांना न सांगता येणारा शोधक, मारहाणीच्या घरातून निघून आलेली स्त्री. म्हणून सभागृहाचा एक भाग कायमचा चौकटीबाहेर ठेवावा आणि दारावरच्या स्वयंसेवकाने नव्या माणसाला तो दाखवावा. मुलांच्या कार्यक्रमाआधी पालकांची लेखी संमती घ्यावी, तीही दर वर्षी नव्याने. अंत्यविधीचे प्रक्षेपण असेल तर दुवा कुटुंबाने ज्यांना दिला त्यांनाच उघडेल असा ठेवावा आणि किती दिवसांनी काढायचा हे आधीच विचारून घ्यावे.

सर्वात गंभीर अपघात मात्र कॅमेऱ्यामुळे होत नाही, कॉलर माइकमुळे होतो. दृश्य असे असते: आशीर्वचन झाले, शेवटचे गीत संपले, मिक्सरवरचा मुलगा तारा गुंडाळायला उठला. पाळक वेदीवरून खाली उतरतात. एक माणूस त्यांना बाजूला घेतो आणि हळू आवाजात नोकरी गेल्याचे, दारूचे, घरात काय चालले आहे त्याचे बोलू लागतो. पाळकांच्या झग्याखाली ट्रान्समीटरचा हिरवा दिवा अजून जळतो आहे. सभागृहातले स्पीकर बंद केले आहेत, म्हणून तिथे कोणालाच काही कळत नाही. प्रक्षेपण चालू आहे. चाळीस घरांत ते बोलणे स्वच्छ ऐकू जाते, आणि उपासना रेकॉर्ड होत असेल तर कायमचे राहते. यावर ‘लक्ष ठेवू’ हा उपाय नाही, कारण त्या क्षणी सगळेच दमलेले असतात. नियम करावा लागतो. आशीर्वचनाच्या ‘आमेन’नंतर प्रक्षेपणावर स्थिर चित्र लावून आवाज पूर्ण बंद करायचा, शेवटचे वाद्यसंगीत गेले तरी चालेल. ट्रान्समीटर बंद करण्याची जबाबदारी पाळकांवर ठेवायची नाही. ठरलेल्या एका माणसाने त्यांच्याकडे जाऊन तो हातात घ्यायचा, आणि तो हातात येईपर्यंत पाळकांनी कोणाशीही बोलायचे नाही. रेकॉर्डिंगचा शेवट तपासल्याशिवाय ते लोकांसाठी खुले ठेवायचे नाही.

गीतांच्या हक्कांबद्दल थोडक्यात. जुन्या स्तोत्रांचे शब्द बहुधा मुक्त असतात, पण नवी चाल, नवी संगीतरचना आणि कोणीतरी केलेले ध्वनिमुद्रण मुक्त नसते. उपासनेत गाण्याला बऱ्याच देशांच्या कायद्यांत सूट आहे. तीच उपासना इंटरनेटवर सोडली की ती सूट लागू होईलच असे नाही, त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. यूट्यूबची स्वयंचलित ओळखयंत्रणा ध्वनिमुद्रित साथसंगीत पटकन पकडते आणि मग व्हिडिओ दिसेनासा होतो किंवा त्याच्यावर दुसऱ्याच्या जाहिराती येतात. साथ स्वतः वाजवावी, आणि उपदेश वेगळा कापून ठेवावा, म्हणजे एका गाण्यापायी तो जाणार नाही.

आता यादीकडे. मंडळीच्या सेवेत ज्या डिजिटल साधनाने सर्वात जास्त फरक पडतो ते साधन म्हणजे एक साधी एक्सेल शीट. ती फोटोत काढण्यासारखी नसते, म्हणून तिच्यासाठी कोणी वर्गणी देत नाही. रकाने मोजकेच हवेत: कुटुंबाचे नाव, पत्ता, फोन, जबाबदार सेवकाचे नाव, शेवटचे कधी दिसले, शेवटचा संपर्क कधी झाला, पुढचा कधी. एका सेवकाकडे आठ ते दहा घरे. त्याहून जास्त दिली की तो फोन ‘उरकतो’. उपासना संपल्यावर पाच मिनिटांत, लोक अजून दारात बोलत असताना, प्रत्येक सेवकाने आपल्या घरांपुढे तारीख टाकायची. आजच्या तारखेतून शेवटच्या दिसण्याची तारीख वजा केली आणि उत्तर २१च्या वर गेले की तो रकाना आपोआप लाल व्हावा असे सूत्र लावायला पाच मिनिटे पुरतात. लाल म्हणजे तीन रविवार. लाल दिसले की बुधवारपर्यंत फोन, फोन लागला नाही तर शनिवारच्या आत भेट.

ही पद्धत कुठे मोडते तेही सांगायला हवे. एक, फाइलच्या चार प्रती होतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. म्हणून एकच ऑनलाइन प्रत आणि तिची एक मालकीण किंवा मालक. दोन, कोणीतरी उत्साहाने ‘कारण’ नावाचा रकाना जोडतो, आणि महिनाभरात त्या रकान्यात ‘घटस्फोटाचे चालले आहे’, ‘कर्ज’, ‘मुलगा व्यसनात’ असे लिहिलेले सापडते. तो रकाना असूच नये. ‘भेट झाली, पुन्हा जायचे’ एवढे पुरेसे आहे. बाकीचे पाळकांच्या कानात. तीन, हजेरीसाठी अॅप आणून लोकांना दारात क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात. चार आठवड्यांत लोक कंटाळतात, आणि जे कंटाळत नाहीत त्यांची काळजी करायची फारशी गरजच नसते. बघणारे डोळे माणसाचेच हवेत. यंत्राने फक्त विसरू द्यायचे नाही.

इथे तुखिक परत येतो. प्रक्षेपणाचा दुवा मोठ्या ग्रुपवर टाकून मोकळे होण्याऐवजी घरबंद व्यक्तीला तो तिच्या जबाबदार सेवकाने शनिवारी संध्याकाळी स्वतः पाठवावा आणि उपासनेनंतर अर्ध्या तासाने फोन करावा. ‘आवाज नीट आला का’ एवढ्या प्रश्नावर बोलणे सुरू होते आणि ते कुठेही जाते. वयस्क व्यक्तीला दर आठवड्याला नवा दुवा शोधायला लावू नये. यूट्यूब चॅनेलच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘live’ जोडले की तो पत्ता नेहमी चालू प्रक्षेपणाकडेच नेतो, आणि तो एकदा तिच्या फोनच्या पहिल्या पानावर चिकटवून देता येतो. तो चिकटवायला घरी जावे लागते, हा त्यातला फायदा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी साधा फोन आहेच. चर्च ऑफ इंग्लंडने २०२० साली टाळेबंदीत गीते, प्रार्थना आणि उपदेश ऐकवणारी मोफत फोनसेवा सुरू केली, तीही सगळे जग झूमवर धावत असताना. लहान मंडळीलाही कॉन्फरन्स कॉलवर पंधरा माणसे घेता येतात. एकच अट, बाकीच्यांचे आवाज बंद ठेवणारा एक माणूस हवा.

प्रभुभोजनाचा वाद या यादीशी जोडूनच बघावा. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने २००२ सालीच लिहून ठेवले की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे प्रभुभोजनासारखे पवित्र विधी, नाहीत. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांनी साथीच्या काळात लोकांना घरीच भाकर आणि द्राक्षारस घेऊन पडद्यासमोर बसायला सांगितले, काहींनी ठामपणे नाही म्हटले. प्रत्येक परंपरेने आपल्या शिकवणीप्रमाणे ठरवावे. पण ‘आता सोय आहे’ एवढ्यावरून ठरवू नये. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर, इ.स. १५५च्या सुमारास, रविवारच्या उपासनेचे वर्णन करताना सांगतो की जे हजर नसतील त्यांच्याकडे डिकन, म्हणजे मंडळीचे सेवक, वाटा घेऊन जातात. हजर नसलेल्यांची यादी त्या डिकनांच्या डोक्यात असणार. आपल्याकडे ती फोनमध्ये आहे, रंगीत आहे. ज्या परंपरेत घरी प्रभुभोजन नेण्याची मुभा आहे तिथे रविवारी दुपारी दोन-दोन माणसे चार घरे करू शकतात. याकोबाच्या पत्रातली आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याची आज्ञा कोणत्याही अॅपने पुरी होत नाही.

व्हॉट्सअॅपवर मंडळी जगतातच, त्यामुळे तिथले नुकसानही मोठे आहे. ‘अमुक ताईंना कर्करोगाचे निदान झाले आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा’ हा संदेश प्रेमाने टाकलेला असतो. संध्याकाळपर्यंत तो तीन ग्रुपांत जातो आणि ताईंच्या सासरच्यांना, त्यांच्या कार्यालयाला तो ताईंनी स्वतः सांगण्याआधीच कळतो. प्रार्थना-विनंती ज्याची आहे त्याला विचारून, त्याला हव्या तेवढ्याच शब्दांत जावी. नाव नको असेल तर ‘आपल्यातली एक बहीण’ देवाला पुरते. सूचनांचा ग्रुप वेगळा, त्यात लिहिण्याची परवानगी फक्त अॅडमिनना. प्रार्थनेचा ग्रुप लहान, त्यातले संदेश ७ दिवसांनी नाहीसे होतील अशी सेटिंग लावलेली. ब्रॉडकास्ट यादी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो संदेश पोहोचतच नाही. नव्याने आलेल्या कुटुंबाला ‘काहीच कळवले जात नाही’ असे वाटते ते बहुधा याच कारणाने.

तरुणांच्या सेवेत एक नियम न तोडण्याजोगा: मोठ्या माणसाने अल्पवयीन मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने खाजगी चॅट किंवा व्हिडिओ कॉल करायचा नाही. दोन मोठी माणसे, पालकांना माहीत असलेला ग्रुप. खोलीचे दार उघडे ठेवण्याचा जुना नियम होता, त्याचाच हा फोनवरचा अवतार आहे.

पैशांबाबत फार लिहीत नाही. दान मंडळीच्याच नावाच्या खात्यात, पाळकांच्या वैयक्तिक खात्यात कधीही नाही. भिंतीवरच्या क्यूआर कोडवर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे वळवणारे चोर सगळीकडे आहेत, म्हणून तो दर रविवारी स्कॅन करून नाव तपासावे. पाळकांच्या नावाने ‘मी सभेत आहे, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठवा’ असे बनावट संदेश हा तर जगभरचा जुना धंदा झाला आहे. पाळक संदेशावरून कधीच पैसे मागणार नाहीत, हे वेदीवरून वर्षातून दोनदा सांगावे. आणि यूट्यूब चॅनेल, दानाचे खाते, वेबसाइटचे नाव यांची मालकी एखाद्या उत्साही तरुणाच्या वैयक्तिक ईमेलवर ठेवू नये. तो दुसऱ्या गावी गेला किंवा रुसला की मंडळी स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहते. किमान दोन जबाबदार माणसांना व्यवस्थापक करावे आणि दोन-टप्पी पडताळणी चालू ठेवावी.

गीतांच्या पडद्यावर एक आपल्या लिपीचे दुखणे आहे. जुनी मराठी गीते पुष्कळदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे सगळे छान, आणि उपासनेच्या दिवशी पाहुण्या लॅपटॉपवर उघडले की ‘प्रभू’च्या जागी कंस, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची रास. सगळा संग्रह एकदा युनिकोडमध्ये आणून ठेवावा, आणि रूपांतरानंतर रफार, ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ हे डोळ्यांनी तपासावे, कारण रूपांतर करणारे सॉफ्टवेअर नेमके तिथेच घसरते. एका स्लाइडवर चार ओळी, श्वास जिथे घेतला जातो तिथे ओळ तोडलेली, गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, आणि मागे हलणारे ढग किंवा लाटा नकोत. मात्रा आणि वेलांट्या ढगात बुडतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सध्या सर्वांना मत विचारले जाते. ध्वनिमुद्रित उपदेशाचा मजकूर काढणे, कर्णबधिरांसाठी उपशीर्षके, बातमीपत्राचा कच्चा मसुदा, अशा कामांना ती खुशाल वापरावी. मात्र तिने दिलेला प्रत्येक वचनसंदर्भ पुस्तक उघडून तपासावा, कारण ती नसलेली वचने आणि कोणी न म्हटलेली वाक्ये त्याच आत्मविश्वासाने देते. समुपदेशनातली टिपणे तिच्यात टाकणे म्हणजे ती परक्याच्या हातात देणे. २०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘कॅथलिक आन्सर्स’ या संस्थेने धर्मगुरूच्या वेशातला एक संवादी अवतार सुरू केला, ‘फादर जस्टिन’ नावाचा. तो आपण खरे धर्मगुरू असल्याचे सांगू लागला, पापक्षमेचे शब्दही उच्चारू लागला, आणि टीकेनंतर थोड्याच दिवसांत त्याचे ‘फादर’ काढून घ्यावे लागले. उपदेश लिहून घेण्याच्या मोहाबद्दल एवढेच म्हणता येईल की तिसऱ्या बाकावरच्या घरात मंगळवारी मूठमाती झाली आहे, हे त्या यंत्राला माहीत नसते. पाळकांना माहीत असते, आणि त्यामुळे ते एक तयार केलेले वाक्य ऐनवेळी गाळतात.

राहिला प्रश्न समितीपुढच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा. ती रक्कम हातात असेल तर माझे मत श्रवण-लूपच्या, म्हणजे आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणाऱ्या व्यवस्थेच्या, बाजूने आहे. जो माणूस दर रविवारी येतो, ठरलेल्या जागी बसतो आणि ज्याला त्यातले निम्मेही ऐकू येत नाही, तो हजेरीच्या शीटमध्ये कधीच लाल होत नाही. बसण्याच्या जागेभोवती जमिनीलगत तारेचे एक वेटोळे, त्याला चालवणारा खास अॅम्प्लिफायर आणि मिक्सरवरून पाळकांच्या माइकची एक तार, एवढ्याची ही व्यवस्था. श्रवणयंत्रात टी-कॉइल, म्हणजे लूपचा संकेत पकडणारे छोटे वेटोळे, असेल तर त्या व्यक्तीने एक कळ दाबायची, की व्यासपीठावरचा आवाज थेट कानात येतो, मधली खोकल्याची, पंख्यांची, लहान मुलांची भर न घेता. ज्यांच्या यंत्रात टी-कॉइल नाही किंवा ज्यांच्याकडे यंत्रच नाही त्यांच्यासाठी गळ्यात घालायचे चार-पाच रिसीव्हर आणि हेडफोन दारापाशी ठेवावेत, आणि त्यांच्या बॅटऱ्या शनिवारी बघणारा माणूस नेमावा. लूपमध्ये सगळे संगीत ओतायचे नाही, मुख्यतः बोलणे. इलेक्ट्रिक गिटार वेटोळ्याच्या आत वाजत असेल तर तिच्या तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपमध्ये लूपचा आवाज शिरतो, म्हणून वादकांची जागा वेटोळ्याबाहेर ठेवावी लागते. फरशीखाली लोखंडी सळ्या असतील तर मधल्या बाकांवर आवाज क्षीण होतो, आणि ते मिक्सरपाशी बसून कधीच कळत नाही. रिसीव्हर गळ्यात घालून, कोणाला तरी व्यासपीठावरून स्तोत्र वाचायला सांगून, प्रत्येक बाकावर बसून पाहावे लागते, आधी शेवटच्या.